लोरी पायेस्टेवा: फिनिक्समधल्या त्या डोंगराला जिचं नाव आहे ती मुलगी

कोरडवाहू

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं, मार्च उजाडला की हटकून आठवण होते. अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांत पायेस्टेवा पीक चढलेला नाही असा माणूस विरळाच. थंडीच्या दिवसांत शनिवारी सकाळी गेलं की चढणीवर मराठी हमखास कानावर पडतंच. पण हे नाव कोणाचं असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात असेल कोणीतरी जुना टोळीप्रमुख. तर टोळीप्रमुख वगैरे नाही, २३ वर्षांची मुलगी होती ती, दोन लहान लेकरांची आई, अमेरिकन आर्मीत साधी शिपाई, आणि २३ मार्च २००३ ला इराकमध्ये नासिरियाला जे झालं त्यात ती गेली.

लोरी अॅन पायेस्टेवा. जन्म १४ डिसेंबर १९७९, गाव ट्यूबा सिटी, अॅरिझोनाच्या उत्तरेला. नावात सिटी असलं तरी वाळवंटातलं छोटंसं गाव आहे, नावाहो लोकांच्या राखीव प्रदेशात, आणि अगदी लागून होपी लोकांचं मोएन्कोपी. वडील होपी, आई मेक्सिकन वंशाची. वडील स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेले, आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, म्हणजे घरात फौज नवीन नव्हतीच. शाळेत ज्युनिअर आरओटीसी (आपल्या एनसीसीसारखं) होतं त्यात ही कमांडर होती. लवकर लग्न, दोन मुलं, मग घटस्फोट, आणि मग आर्मी. पगार, विमा, मुलांची सोय हे सगळं त्यात आलंच, त्या भागात दुसरी नोकरी तरी कुठली मिळणार होती.

तिची तुकडी ५०७ वी मेंटेनन्स कंपनी, टेक्ससमध्ये फोर्ट ब्लिसला. काम काय तर पेट्रिअट क्षेपणास्त्रवाल्या युनिटच्या गाड्या, जनरेटर दुरुस्त करणं, सामान पुरवणं. लोरी सप्लायमध्ये. तिची रूममेट जेसिका लिंच, ती पण सप्लायमध्येच. जेसिकाचं नाव तुम्ही त्या वेळी टीव्हीवर ऐकलं असेल. लोरीच्या खांद्याला दुखापत झालेली होती, मागे थांबता आलं असतं, पण जेसिका एकटी जाईल म्हणून ही पण गेली.

पुढचं मी आर्मीच्या स्वतःच्या चौकशी अहवालावरून सांगते कारण ह्या प्रसंगाबद्दल नको त्या कथा खूप पसरल्या. कुवेतहून निघालेल्या मोठ्या ताफ्यात ही कंपनी सगळ्यात मागे, त्यांच्या जड गाड्या वाळूत रुतायच्या, बंद पडायच्या, ताफा पुढे निघून गेला. दोन-अडीच दिवस कोणाला धड झोप नाही. हातातले रेडिओ मोजकेच आणि त्यांच्या बॅटऱ्या संपत आलेल्या. नासिरियाला वळसा घालून जायचं होतं तिथलं वळण चुकलं आणि १८ गाड्या नि ३३ माणसं पहाटे थेट शहरात शिरली. शहर पार करून पलीकडे गेल्यावर चूक कळली, मग त्याच रस्त्याने परत फिरायचं ठरलं, आणि परतताना दोन्ही बाजूंनी गोळीबार. रायफली वाळूने अडकायला लागल्या.

लोरी हम्वी (लष्करी जीपसारखी गाडी) चालवत होती. शेजारी फर्स्ट सार्जंट रॉबर्ट डाउडी, मागे जेसिका (तिचा ट्रक आधीच बंद पडला होता, लोरीच्या गाडीने तिला उचललं) आणि आणखी दोन सैनिक. तिने गाडी पळवत ठेवली होती. शेवटी मारा बसला, ताबा सुटला आणि गाडी पुढच्या अडकून पडलेल्या ट्रेलरवर मागून आदळली. डाउडी तिथेच गेले, मागचे दोघेही गेले. लोरी आणि जेसिका जिवंत होत्या, इराकी लोकांनी दोघींना दवाखान्यात नेलं. लोरीच्या डोक्याला जबर मार होता. वीज येत-जात असलेल्या, लढाई चालू असलेल्या शहरातल्या साध्या रुग्णालयात मेंदूचं ऑपरेशन करणं तिथल्या डॉक्टरांना शक्यच नव्हतं. तिथेच ती वारली.

ट्यूबा सिटीत मात्र कोणाला काही माहीत नाही, फक्त 'बेपत्ता' एवढंच. गावात पाट्या लागल्या होत्या, घराबाहेरचा दिवा चालू ठेवा, लोरीला घरची वाट दिसू दे अशा अर्थाच्या. होपी आणि नावाहो यांचं जमिनीवरून पिढ्यान् पिढ्यांचं भांडण, ती माणसं एकत्र बसून तिच्यासाठी प्रार्थना करत होती. १ एप्रिलला रात्री अमेरिकन सैन्याने जेसिकाची सुटका केली तेव्हा दवाखान्याच्या आवारात पुरलेले मृतदेह सापडले, त्यात लोरी होती. घरच्यांपर्यंत पक्की बातमी पोचायला आणखी काही दिवस गेले.

अमेरिकी सैन्यात असताना लढाईत मरण पावलेली ती पहिली मूलनिवासी स्त्री, आणि इराक युद्धात गेलेली पहिली अमेरिकन महिला सैनिक. आता इतकं वाचलंत तर एवढंच मागणं आहे की पुढच्या वेळी डोंगर चढताना बरोबरच्या लोकांना तिच्याबद्दल दोन वाक्यं सांगा. आणि उच्चार 'पाय-एस्टेवा' असा आहे, 'पिएस्टा' नाही.

दगडफूल

बाप रे. मी टेम्पीला होते तेव्हा कितीदा चढलेय, पाटीवरचं नाव वाचलंय, पण ही गोष्ट माहीत नव्हती. २३ वर्षं म्हणजे कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोर गं. जेसिका लिंच मात्र चांगली आठवते, तेव्हा सारखं तेच चालू होतं, गोळ्या संपेपर्यंत लढली वगैरे. ते खोटं होतं का मग?

कोरडवाहू

@दगडफूल, हो, तसं काही झालंच नव्हतं. आणि हे जेसिकाने स्वतः सांगितलं. तिची रायफल जॅम झाली होती, तिने एकही गोळी झाडली नव्हती. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे तिने साक्ष दिली की माझ्याबद्दल जी शौर्यकथा पसरवली ती खरी नाही. आणि ती पहिल्यापासून सांगत आली आहे की खरी हिरो लोरी. २००७ साली तिला मुलगी झाली तिचं नाव डकोटा अॅन, त्यातलं अॅन लोरीचं. मला जेसिकाबद्दल त्यामुळे फार आदर वाटतो, अख्खा देश डोक्यावर घेऊन नाचत असताना 'मी नाही, ती' म्हणायला धैर्य लागतं.

सह्यकडा

लेख चांगला आहे, माहिती नवीन होती. पण एक विचारतो, राग मानू नका. ते युद्धच मुळात चुकीचं होतं ना? महासंहारक अस्त्रं आहेत म्हणून गेले, शेवटी काही सापडली नाहीत. नासिरियात त्या दिवसांत सामान्य इराकी माणसं किती मेली त्यांच्या नावाचा डोंगर कुठे आहे? सैनिकाला मान द्यायचा म्हणजे त्या युद्धालाही मान दिल्यासारखं होत नाही का? आणि तिच्याच लोकांची जमीन ज्यांनी घेतली त्यांच्यासाठी ती लढायला गेली हे मला पचत नाही.

फौजीची_लेक

सह्यकडा दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण मी सातारा भागातली आहे म्हणून माझं उत्तर वेगळं आहे. आमच्याकडे कितीतरी गावांत वेशीवर नाहीतर चावडीजवळ दगड बसवलेला आहे, पहिल्या महायुद्धात ह्या गावातून इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली. अपशिंगे मिलिटरीचं तर सगळ्यांना माहीत आहे, एकट्या त्या गावातले ४६ जण गेले. कोणाच्या युद्धात गेले? इंग्रजांच्या. आणि कुठे? त्या वेळी आपल्या मराठा पलटणींमधली बरीच माणसं मेसोपोटेमियात होती, म्हणजे हाच इराक. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन कूत अल अमाराला वेढ्यात अडकली, उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली आणि पुढे कैदेत हाल हाल होऊन कितीतरी मेले. नासिरिया सुद्धा जुलै १९१५ मध्ये हिंदी सैन्य घेऊन इंग्रजांनी जिंकलं होतं.

ती माणसं साम्राज्यासाठी लढली म्हणून आम्ही दगडाला हार घालायचा सोडला का? नाही. पोटासाठी गेले, घराण्याची रीत म्हणून गेले, शेजारचा दोस्त गेला म्हणून गेले. युद्ध कोणी का लावलं ह्याचा जाब वरच्यांना विचारायचा. जो खाली गाडी चालवत होता त्याची आठवण ठेवायला त्या उत्तराची वाट बघत बसायची नसते.

सह्यकडा

पटलं बऱ्यापैकी. इराकी लोकांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

कोरडवाहू

ते कायम राहूच दे, मलाही ते बोचतं. ज्या दवाखान्यात लोरी आणि जेसिकाला ठेवलं होतं तिथले डॉक्टर-नर्स स्वतःच्या गावावर बॉम्ब पडत असताना शत्रूच्या सैनिकांवर उपचार करत होते, जेसिकानेही तिथल्या लोकांनी आपली काळजी घेतल्याचं नंतर सांगितलं. त्यांची नावं कोणी विचारत नाही.

आणि तिच्या लोकांच्या जमिनीबद्दल. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आणि तो प्रश्न तिथे लोक स्वतःलाही विचारत आलेत. मूलनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व १९२४ ला मिळालं, अॅरिझोनात मतदानाचा हक्क तर १९४८ ला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लढून परत आलेल्या माणसाला स्वतःच्या राज्यात मत देता येत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा ह्या जपानी बेटावर अमेरिकन झेंडा लावतानाच्या त्या प्रसिद्ध फोटोतला सैनिक आयरा हेज पिमा ह्या मूलनिवासी जमातीतला होता, फिनिक्सच्या दक्षिणेला साकाटनचा. तरीही लोकसंख्येच्या मानाने सैन्यात त्यांचं प्रमाण खूप जास्त आहे. होपींमध्ये तर उलट परंपरा पण आहे, शांतताप्रिय लोक म्हणून दुसऱ्या महायुद्धात काहींनी शस्त्र घ्यायलाच नकार दिला होता. म्हणजे एकाच समाजात दोन्ही.

जुनाजाणता

मी १९९० च्या दशकात फिनिक्सला आलो. तेव्हा ह्या डोंगराचं नाव वेगळं होतं, स्क्वॉ पीक, आणि तो शब्द मूलनिवासी बायकांसाठी शिवीसारखा वापरला जायचा. ते नाव बदला म्हणून मूलनिवासी आमदार कित्येक वर्षं विधिमंडळात प्रयत्न करत होते, दर वेळी बारगळायचं. लोरी गेल्यावर गव्हर्नर जॅनेट नॅपोलिटानो यांनी विषय लावून धरला. राज्याच्या नामकरण मंडळाने १७ एप्रिल २००३ ला म्हणजे महिन्याभराच्या आत नवीन नावाला मान्यता दिली. त्यावर काय गदारोळ झाला म्हणून सांगू! नियम असा होता की माणूस गेल्यावर ५ वर्षं थांबायचं, तो बाजूला सारला म्हणून लोक चिडले, वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस. केंद्राच्या मंडळाने मात्र ५ वर्षं थांबूनच १० एप्रिल २००८ ला शिक्कामोर्तब केलं. शेजारचा ५१ नंबरचा हायवे पण आता पायेस्टेवा फ्रीवे आहे.

माझं मत विचाराल तर घाई झाली ते बरंच झालं. ५ वर्षं थांबले असते तर विषय थंड पडला असता आणि जुनंच नाव राहिलं असतं. ज्या डोंगराच्या नावातच त्यांच्या बायकांचा अपमान होता त्याला त्यांच्याच एका लेकीचं नाव मिळालं.

चिंगी_पुणे

कोरडवाहू ताई, एक शंका. तुम्ही लिहिलंय की मेंटेनन्स कंपनी होती. मग बायकांना तेव्हा अमेरिकेत लढाईवर जायला परवानगी होती का?

कोरडवाहू

चिंगी, हा फार महत्त्वाचा मुद्दा काढलास. नव्हती! १९९४ च्या नियमाप्रमाणे जमिनीवरच्या प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्यांत बायका नव्हत्या. ते बंधन उठवायची घोषणा जानेवारी २०१३ ला झाली आणि सगळी पदं खुली झाली ती २०१६ पासून. म्हणजे २००३ साली कागदावर लोरी, जेसिका आणि शोशाना जॉन्सन ह्या तिघीही 'पिछाडीला' होत्या. शोशाना त्याच तुकडीत स्वयंपाकी होती, दोन्ही पायांना गोळ्या लागल्या, युद्धकैदी झाली, अमेरिकेची पहिली कृष्णवर्णीय महिला युद्धकैदी. आता मला सांग स्वयंपाकी, स्टोअरवाली आणि स्टोअरवाली, ह्यांना कुठली पिछाडी मिळाली त्या दिवशी? ३३ पैकी ११ गेले. मला अहवालातली एक गोष्ट अजून खटकते, रायफली अडकल्या त्याचं कारण देताना सैनिकांनी हत्यारांची देखभाल नीट केली नसावी असं सुचवलंय. अरे, दोन-अडीच दिवस न झोपता वाळूत गाड्या ओढणारी माणसं ती, ताफा त्यांना मागे टाकून गेला, रेडिओ नाहीत, आणि बोट शेवटी त्यांच्याकडेच.

फौजीची_लेक

+१. वडील ईएमईत होते, गाड्या दुरुस्त करणारे. ते सांगायचे की रिकव्हरीवाला नेहमी शेवटी निघतो आणि बंद पडलेली गाडी जिथे असेल तिथे त्याला जावंच लागतं, मग ती आघाडी असो नाहीतर काही असो. लढाईच्या गोष्टींत ह्या लोकांचं नाव कधी येत नाही. लोरीचं आलं ह्याचा मला मनापासून आनंद आहे.

मावळतीकर

शोशाना जॉन्सनबद्दल पण धागा यायला हवा. तिला आणि जेसिकाला मिळणाऱ्या अपंगत्वाच्या भत्त्यात बराच फरक होता त्यावरून तेव्हा बातम्या आल्या होत्या. तीन मुली, एकच तुकडी, एकच सकाळ, पण गोरी सोनेरी केसांची होती तिच्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला, आणि बाकी दोघींची नावं लोकांना आठवतही नाहीत. ह्यात जेसिकाचा काही दोष नाही, तिने उलट सावरायचाच प्रयत्न केला.

कोरडवाहू

अगदी. लोरीच्या आईवडिलांचं घर मोडकळीला आलेलं होतं, तर २००५ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमाकडे जेसिकानेच त्यांच्यासाठी घर मागितलं आणि फ्लॅगस्टाफला ते बांधून झालं. मुलांना आजी-आजोबांनीच वाढवलं. थोरला तेव्हा ४ वर्षांचा आणि धाकटी ३ ची, विचार करा.

दगडफूल

ते वाचून पोटात कालवलं. माझी धाकटी आत्ता तेवढीच आहे.

आपल्याकडे अशी आठवण कोणाची असेल तर मला लेफ्टनंट किरण शेखावत आठवते. नौदलाची अधिकारी, मार्च २०१५ मध्ये गोव्याच्या समुद्रात डॉर्निअर विमान कोसळलं त्यात गेली. युद्ध नव्हतं ते, सरावाचं उड्डाण होतं, पण कर्तव्यावर असताना गेलेली नौदलाची पहिली महिला अधिकारी. आम्ही तेव्हा वास्कोला होतो, गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

चिंगी_पुणे

खडकवासल्याला एनडीएतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली ना, १७ जणी. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने त्यांचं बघून परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय. तिची आई घाबरते, मुलगी ऐकत नाही. हा धागा तिला पाठवू का नको ह्या विचारात आहे मी. म्हणजे भीती घालायची नाहीये.

फौजीची_लेक

पाठव बिनधास्त. सैन्यात जाणाऱ्या मुलीला मरणाचं माहीत नसतं असं समजू नकोस, आणि आईला तर पहिल्या दिवसापासून माहीत असतं. दोघींनी वाचावं आणि मग बोलावं एकमेकींशी.

जुनाजाणता

अवांतर थोडं: होपी लोकांत मानतात की गेलेला माणूस ढग होऊन, पाऊस होऊन आपल्या माणसांकडे परत येतो. लोरी गेल्याची बातमी आली त्या सुमाराला ट्यूबा सिटीत हलका बर्फ पडला होता, तर घरच्यांनी आणि गावाने तीच आली असं म्हटलं. वाळवंटात एप्रिलच्या तोंडावर बर्फ. अॅरिझोनात राहून पावसाची किंमत ज्याला कळलीय त्याला ह्यात काय ते कळेल.

सह्यकडा

हे माहीत नव्हतं. धागा वाचनखुणांत साठवला आहे. मे महिन्यात कामासाठी फिनिक्सला येतोय, तर चढायला किती वेळ लागतो आणि उन्हाचं कसं काय?

कोरडवाहू

या नक्की. समिट ट्रेल ३०० नंबरचा, एका बाजूने साधारण १.२ मैल, पण सगळी चढणच, जवळजवळ १२०० फूट, माथा २६१० फुटांवर. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला जड नाही, दगडाच्या पायऱ्या आहेत, वर मात्र दगड गुळगुळीत झालेत तिथे घसरायला होतं. मे म्हणजे पहाटे उजाडायच्या आतच सुरू करा, पाणी भरपूर घ्या, सावली नावालाही नाही. एक्स्ट्रीम हीट वॉर्निंग असली तर शहर दिवसा ट्रेल बंदच ठेवतं. लहान मुलं बरोबर असतील तर माथ्यावर न जाता डोंगराला वळसा घालणारा ३०२ नंबरचा फ्रीडम ट्रेल घ्या. आणि मार्चमध्ये कधी आलात तर २३ तारखेच्या सुमाराला तिथे सूर्योदयाला तिच्या स्मरणाचा कार्यक्रम असतो, तिच्या घरचे आणि इतर शहीद सैनिकांची कुटुंबंही असतात, त्या आधी मला इथेच निरोप टाका, आपण सगळे मिळून जाऊ.